बहिणीची खुर्ची

१

सोमवारी सकाळी सव्वाआठला लेसिएलीनं कचेरीतला आपला कॉम्प्युटर चालू केला आणि पाच मिनिटांत ती अशी गप्प झाली, की तिच्याकडे पाठ करून बसलेल्या फेआओच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला. एरवी काम करताना ती चर्चमधलं एखादं गाणं गुणगुणायची. आज गुणगुण नाही, खुर्चीची करकर नाही, काही नाही.

“बागांची नोंद नाहीये,” ती शेवटी म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, नुसतीच म्हणाली.

मोतुओने नावाच्या बेटावरच्या व्हॅनिला संघाची सगळी मदार त्या नोंदीवर होती. एकशेबारा बागा आणि प्रत्येक बागेची तीन वर्षांची हकिगत: वेल कधी लावले, शेंगा कधी उतरवल्या, खत कुठलं घातलं, औषध मारलं की नाही. ती बघूनच निरीक्षक ‘विषमुक्त’ असा शिक्का देणार आणि शिक्का असेल तरच परदेशातला व्यापारी माल उचलणार. निरीक्षक येणार गुरुवारच्या बोटीनं. कागदी वह्यांचा मागच्या वादळात लगदा झाला, म्हणून तर सगळं कॉम्प्युटरवर चढवलं होतं. समुद्रातली केबल तुटून चार महिने झालेले, त्यामुळे बेटाबाहेर कुठं प्रत ठेवायची सोय नव्हती. एकुलती एक प्रत लेसिएलीच्या ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हवर होती. तिनं तो लावून पाहिला. तोही धुतल्यासारखा कोरा.

मॅनेजर लिसिआते आपल्या खोलीतून बाहेर आला. ऑकलंडमध्ये वाढलेला, इथल्या मुलीशी लग्न करून इथंच राहिलेला हा गडी तसा वाईट नव्हता. आवाज चढवायचा नाही, कुणाच्या रजेला नाही म्हणायचा नाही. त्यानं लेसिएलीच्या मागं उभं राहून तपास केला आणि जे दिसलं ते मोठ्यानं वाचलं. शुक्रवारी दुपारी तीन चाळीसला नोंद पुसली गेली होती, मग कचरापेटीही रिकामी केली गेली होती, आणि हे सगळं लेसिएलीच्या नावानं, तिचा परवलीचा शब्द घालून.

लेसिएली म्हणाली, शुक्रवारी दुपारी बारालाच ती गेली होती. गल्लीच्या टोकाला म्हाताऱ्या कालाफीचं दफन होतं, अख्खं गाव तिथं होतं. तीन चाळीसला तिथं तिला कुणी पाहिलं का, असं साहेबानं विचारलं. आता मयताच्या घरी दोनशे बायका काळे कपडे आणि सुतकाच्या रिवाजाप्रमाणे कमरेला चटया बांधून चुलींपाशी राबत असताना कोण कुणाला घड्याळ लावून बघतं? कचेरी तिथून दोन मिनिटांवर. 

“बस इथंच,” साहेब हळूच म्हणाला, “आणि काय झालं ते तुझ्या कॉम्प्युटरवर लिहून दे. सविस्तर लिही, घाई नाही.”

तिनं खुर्ची पुढं ओढली. ती करकर ऐकली मात्र, फेआओ उठला, चार ढांगांत भिंतीपाशी गेला आणि त्यानं कचेरीचं मेन बटण खाली ओढलं. पंखा थांबला, कॉम्प्युटरचे सगळे पडदे काळे झाले. सोळा वर्षांच्या नोकरीत त्यानं साहेबाला न विचारता केलेलं हे पहिलंच काम. तो भिंतीकडे बघूनच म्हणाला, “या यंत्राला आता कुणी हात लावायचा नाही. पुसलेलं लगेच मरत नाही. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मरतं.”

“म्हणजे परत आणता येईल?” साहेबानं विचारलं.

“येईल.”

“कोण आणणार? बेटावर ते जमणारा एकटा तूच.” साहेबानं लेसिएलीची खुर्ची फिरवून त्याच्याकडे केली. “ये. बस.”

फेआओ भिंतीपाशीच उभा राहिला.

२

लेसिएली फेआओची चुलत बहीण. त्या बेटांवर चुलत, सख्खं असा भेद नाही, बहीण ती बहीण. आणि बहीण वयात आली की भावानं मर्यादा पाळायची. तिच्या खोलीत जायचं नाही, तिच्या चटईवर बसायचं नाही, तिच्या सामानाला हात लावायचा नाही, ती असताना तोंडातून वावगा शब्द काढायचा नाही. राजधानीत म्हणे आता हे सैल झालंय. त्यांच्या घराण्यात नव्हतं झालं. फेआओ आणि लेसिएली एकाच अंगणात वाढले, पण गेली बावीस वर्षं त्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघून चार वाक्यं बोलली नव्हती. आणि तरी तिचा नवरा समुद्रात बुडून गेला तेव्हा तिच्या छपराचे पत्रे कुणी बदलले, हे तिलाही माहीत होतं आणि गावालाही.

गंमत अशी की कचेरीतला कॉम्प्युटरचा वैद्य फेआओ, आणि सगळ्यांत रोगट कॉम्प्युटर लेसिएलीचा. यावर त्यांनी तोडगा काढला होता. तिचं यंत्र रुसलं की वजनकाट्यावर बसणारी सेइनी तिच्या खुर्चीत जाऊन बसायची. फेआओ आपल्या जागी पाठ करून एकेक पायरी सांगायचा, सेइनी ती करायची आणि काय दिसतंय ते बोलायची. फेआओ बाहेर असला तर छापील चिठ्ठी सेइनीच्या वजनकाट्याखाली ठेवून जायचा. त्यामुळे लेसिएलीचा परवलीचा शब्द सेइनीला ठाऊक होता. सहा वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता.

पण हे दुखणं चार पायऱ्यांचं नव्हतं. पुसलेलं परत आणायचं म्हटलं की यंत्र तेवढंच देत नाही, आजवर जे जे पुसलं ते सगळं ओकतं. पत्रं, फोटो, अर्धवट लिहून खोडलेलं, माणूस जे कुणाला दाखवत नाही ते सगळं. एखाद्यानं बहिणीची पेटी उचकटून चौकात मांडावी, तसलाच प्रकार. तो तिथं बसला असता तर नोंद वाचली असती, पण त्या दोघांना एका चर्चमध्ये तोंड वर करून बसता आलं नसतं. नाही बसला तर बहीण चोर ठरणार होती.

दुपारपर्यंत गावभर झालं. संघाच्या पंचांनी ठरवलं की बुधवारी चारला सभा घ्यायची, तोवर उलगडा झाला नाही तर लेसिएलीला काढून टाकायचं आणि कारण सगळ्यांसमोर वाचायचं. विधवा बाई, पदरात नऊ वर्षांची मुलगी. एकशेबारा घरांचा घास घालवणारी म्हणून नाव झालं की या बेटावर तिला कुणी पाणीसुद्धा दिलं नसतं, आणि बेट सोडून जायचं तर चोहीकडे समुद्र. पोलीस शिपाई दुसऱ्या बेटावर होता, तोही गुरुवारच्याच बोटीनं येणार होता.

तेव्हा लिसिआते साहेबानं स्वतःच सुचवलं, की चौकशी तेलेसिया आत्यांकडे द्यावी.

फेआओ मनात म्हणाला, मेलो, त्यांनी खुर्चीत बस म्हटलं तर नाही म्हणता येणार नाही. आत्या त्याच्या आणि लेसिएलीच्या बापांची थोरली बहीण, म्हणजे खानदानात त्यांच्यापुढे राजाचंही चालायचं नाही. टेलिफोनच्या ऑफिसात चाळीस वर्षं तारा जोडता जोडता त्यांनी बेटावरच्या प्रत्येकाचं खरं-खोटं कानानं ऐकलेलं, आणि त्यातलं एक अक्षर कधी बाहेर गेलं नव्हतं. अशा बाईसमोर खोटं बोलणं अवघड. त्यात लिसिआते त्यांचा जावई.

३

आत्या मंगळवारी सकाळी काठी टेकत आल्या. गुडघे गेलेले, पण पाठ ताठ. त्यांनी कचेरीमागच्या ओसरीवर चटई टाकायला लावली आणि फेआओला आतल्या बाजूला झडपांच्या खिडकीखाली बसवलं. चहा आणून द्यायचा, बाकी कान उघडे आणि तोंड बंद ठेवायचं.

पहिला साहेब. तो म्हणाला, लेसिएलीबद्दल त्याच्या मनात काही वाईट नाही. बिचारीचा हात चुकला असेल आणि आता ती घाबरलीय. शुक्रवारी दुपारी तो स्वतः दफनाला पुढच्या रांगेत होता, सासूबाईंच्या शेजारीच. आत्या म्हणाल्या, “हो, होतात खरं,” आणि त्याला जायला सांगितलं.

मग लेसिएली. शुक्रवारचा दिवस आठवेल तसा सांग, बारीकसारीक गाळू नकोस, असं आत्यांनी बजावलं. ती सांगत गेली. सकाळी आल्या आल्या तिनं पडद्यावर मुलीचा नवा फोटो लावला. चर्चमध्ये मुलांचा रविवार म्हणून सण असतो त्या दिवशीचा, पांढऱ्या झग्यातला. शेजारणीनं आदल्या संध्याकाळीच दिला होता. सेइनी सकाळभर गोदामात तोलाईवर होती, फेआओ दवाखान्यातलं यंत्र दुरुस्त करायला गेला होता. नऊच्या सुमाराला साहेब आले, खुर्चीमागं उभे राहून एका बागेचं पान बघून गेले.

“कुठल्या?”

“एक्केचाळीस नंबरच्या.” बागांना नंबर असायचे ते कचेरीपुरते. मालकाचं नाव फक्त नोंदीच्या पानात असायचं, बागवाल्यांना आपला नंबर ठाऊकही नसायचा.

“त्या पानात काय होतं?”

लेसिएलीनं चटईची कड सारखी केली. मग म्हणाली, त्या बागेत तणनाशक मारलेलं तिला दिसलं होतं आणि तिनं तसं लिहिलं होतं. साहेब म्हणाले, एवढं गाळता आलं तर बघ. ती नाही म्हणाली. ते हसले आणि गेले, रागावले बिगावले नाहीत. बाग कुणाची, हे मात्र आत्यांनी दोनदा विचारूनही तिनं सांगितलं नाही. मोठ्या माणसासमोर एखाद्याचं नाव असं बोलणं बरं नाही, एवढंच म्हणाली.

“बरं. मग दुपारी निघालीस तेव्हा?”

“यंत्र बंद केलं नाही, तेवढी चूक झाली. नोंदीचे दोन फोल्डर पोरीच्या फोटोत बरोबर डोक्यावर आले होते. कशाला लेकराच्या डोक्यावर ओझं, म्हणून जाता जाता ओढून पायाशी ठेवले आणि गेले.”

आत्यांनी मान हलवली. लेकराच्या डोक्याला कुणी उगाच हातसुद्धा लावत नाही, त्यांना यात नवल वाटलं नाही.

शेवटी सेइनी आली. आधी म्हणाली, काही माहीत नाही. मग म्हणाली, दुपारी ती कचेरीत आलीच नव्हती. आत्या काही न बोलता चहा पीत राहिल्या. टेलिफोनवरही त्या म्हणे अशाच गप्प राहायच्या आणि लोक आपणहून बोलायचे. चहा संपायच्या आत सेइनीनं ओक्साबोक्शी रडत झग्याच्या खिशातून शुक्रवारी दुपारी वजनकाट्याखाली सापडलेला एक छापील, चुरगळलेला कागद काढला. तिला वाटलं होतं की हे कुणालाच कळू नये, चांगल्या माणसाचं वाटोळं होईल.

आत्यांनी चष्मा चढवून कागद मोठ्यानं वाचला. “सेइनी, लेसिएलीच्या कॉम्प्युटरला कीड लागली आहे. पडद्यावर तिच्या मुलीच्या डोक्यावर दोन फोल्डर आहेत, ते दोन्ही पूस. मग कचरापेटी रिकामी कर. ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हचंही तसंच कर. नवीन प्रत मी सोमवारी घालतो. फेआओ.”

खिडकीखाली फेआओच्या हातून किटली निसटली.

४

“बाहेर ये,” आत्या म्हणाल्या.

त्या पाच-सात पावलांत फेआओच्या डोक्यात काय काय येऊन गेलं. चिठ्ठी त्याची नव्हती. पण नाही म्हणावं तर सेइनी खोटारडी ठरणार, सगळा ठपका तिच्यावर येणार, आणि लेसिएली काही सुटणार नाहीच, दोघींनी मिळून केलं म्हणतील. आणि हो म्हणावं तर? त्याला आतून एकदम हलकं वाटलं. हो म्हटलं की लेसिएली सुटली. यंत्रवाल्याचा हात चुकला, एवढंच होईल. त्याची नोकरी जाईल, गाव चार दिवस थुंकेल, पण तो पुरुषमाणूस आहे, एकटा आहे, मासे मारून पोट भरेल. गेल्या बावीस वर्षांत बहिणीसाठी त्याला तोंड उघडता आलं नव्हतं. ही संधी बरी होती.

“माझीच चिठ्ठी,” तो म्हणाला. “चूक माझी आहे, आत्या. लेसिएलीचा काही संबंध नाही.”

सेइनीनं डोळे पुसले. आत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

“कधी लिहिलीस?”

“शुक्रवारी. सकाळी दवाखान्यात जायच्या आधी.”

“तिच्या पडद्यावर मुलीचा फोटो आहे ना? कसा आहे रे?”

“छान आहे.”

“ते मला कळलं. झगा कुठल्या रंगाचा?”

आतून लेसिएलीचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. “पांढरा,” तो चटकन म्हणाला.

“हातात काय आहे पोरीच्या?”

हातात काय असेल? बायबल? फुलं? त्याला तर पोर उभी आहे की बसलीय तेही ठाऊक नव्हतं. त्या कोपऱ्यातला पडदा भिंतीकडे तोंड करून होता, आणि सहा वर्षांत त्याची नजर चुकूनही तिकडं गेली नव्हती.

“गाढवा,” आत्या म्हणाल्या, पण आवाजात राग नव्हता. “बहिणीसाठी खोटं बोललास ते तुझ्या बापाला शोभलं. पण ही चिठ्ठी लिहिणाऱ्यानं तिचा पडदा पाहिलाय. तू कसा पाहशील? उद्या सभेत तोंड बंद ठेव.”

मग त्यांनी सेइनीला एकच प्रश्न विचारला. तिनं चिठ्ठीत लिहिलं तसंच केलं का? सेइनी म्हणाली, हो, पण आधी जरा शोधावं लागलं. मुलीच्या डोक्यावर काहीच नव्हतं. फोल्डर खाली पायाशी होते.

आत्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि त्या कितीतरी वेळ समुद्राकडे बघत बसल्या. फेआओला वाटलं, उलगडा झाल्यावर माणूस खूश दिसतो. आत्या एकाएकी थकल्यासारख्या दिसत होत्या.

५

बुधवारी चारला गोदामात सभा भरली. व्हॅनिलाच्या वासानं डोकं उठलेलं, वर पत्रे तापलेले, आणि दाराबाहेरही माणसं. लेसिएली एका टोकाला चटईवर बसली होती, फेआओ दुसऱ्या टोकाला. पंचांनी विषय काढला, साहेब दोन शब्द सौम्यपणे बोलला, आणि आत्या काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी चिठ्ठीचं सांगितलं आणि वाचून दाखवली. गोदामात कुजबुज झाली, माना फेआओकडे वळल्या. आत्या म्हणाल्या, तिकडे बघू नका. या चिठ्ठीतल्या पडद्यावर मुलीचा फोटो आहे, आणि तो शुक्रवारी सकाळी लागला. फेआओ त्या खुर्चीजवळ कधी गेला आहे असं सांगणारा एक तरी माणूस इथं असेल तर त्यानं हात वर करावा. कुणी केला नाही. बेटावर असा प्रश्न विचारणंही चमत्कारिक होतं.

मग सेइनीनंच नंतर लिहून स्वतःला वाचवलं असेल? एका पंचानं तसं म्हटलंही. आत्यांनी मान हलवली. सेइनी त्या खुर्चीत बसली ती दुपारी, आणि तेव्हा फोल्डर मुलीच्या पायाशी होते. तिनं मनानं लिहिलं असतं तर जे पाहिलं तेच लिहिलं असतं. लेसिएलीनं लिहिली असती तर तीही पायाशीच म्हणाली असती, तिनंच ते हलवले होते. फोल्डर डोक्यावर होते ते शुक्रवारी सकाळी आठपासून बारापर्यंत, पुढं-मागं नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं पडदा पाहिला तो त्या चार तासांत, आणि नंतर पाहिलाच नाही. “त्या चार तासांत लेसिएलीच्या खुर्चीमागं एकच माणूस उभा राहिला,” आत्या म्हणाल्या. “त्यानंच सोमवारी तिला त्याच यंत्रावर लांबलचक लिहायला बसवलं, म्हणजे पुसलेल्यावर माती पडावी. जावईबापू, चुकतंय का माझं काही?”

साहेब उठला नाही. त्याचं तोंड एखाद्या शाळकरी पोरासारखं झालं होतं.

“मर्यादा म्हणजे मला वाटलं, बोलायची लाज,” तो म्हणाला. “बघायचंसुद्धा नसतं, हे डोक्यात आलं नाही.” मग तो भडाभडा बोलला. त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. एकच पान गेलं तर माणसावर संशय येतो, सगळंच गेलं तर यंत्रावर येतो. चिठ्ठी सापडेल, फेआओचा हात चुकला असं ठरेल, आणि निरीक्षक पुढच्या वर्षी पुन्हा येईल असा त्याचा हिशेब. पण सेइनीनं चिठ्ठी लपवली, आळ लेसिएलीवर गेला, आणि त्याला थांबवायचं धैर्य झालं नाही. आत्यांकडे चौकशी दिली, कारण घरचं माणूस, सांभाळून घेईल असं वाटलं.

“एक्केचाळीस नंबर कुणाचा?” पंचांनी विचारलं.

साहेबानं मान खाली घातली. लेसिएलीकडे सगळे वळले. ती हलक्या आवाजात म्हणाली, “मी नाही सांगणार. पान परत आलं तर पान सांगेल.”

“येणार कसं?” साहेब म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तो नुसता थकला होता. “हे करणारा एकटा तो, आणि तो त्या खुर्चीत बसणार नाही. बोट उद्या दुपारी लागतेय.”

चोर सापडला होता आणि तरी एकशेबारा घरं होती तिथंच अडकली होती. फेआओनं मनाशी ठरवलं, बसायचं. बहिणीच्या नजरेतून उतरू, पण बसायचं. तो उठायला लागला, तेवढ्यात पलीकडून लेसिएलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि तो अर्ध्यातच थांबला.

“खाली बस,” आत्या म्हणाल्या. “मी बसते तिच्या खुर्चीत.”

६

गुरुवारी उजाडताच कचेरीत तिघंच होती. आत्या लेसिएलीच्या खुर्चीत, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. लेसिएली त्यांच्या शेजारी उभी. फेआओ आपल्या टेबलाशी, पाठ फिरवून. आयुष्यात कधी माउसला हात न लावलेली सत्तर वर्षांची बाई आणि तिच्याकडून तो डोळे मिटून हे करवून घेणार, म्हणजे आंधळ्यानं पाय मोडलेल्याला रस्ता सांगायचा प्रकार. पहिला तास तर बाण कुठं पळाला हे शोधण्यातच गेला. “थरथरतंय मेलं,” आत्या पुटपुटायच्या. फेआओ एक पायरी सांगायचा आणि तीच तीनदा सांगायचा.

आठच्या सुमाराला यादी वर यायला लागली. लेसिएलीचा श्वास त्याला ऐकू आला. काय काय वर आलं असेल, देव जाणे. आत्या एवढंच म्हणाल्या, “हे काही माझ्या कामाचं नाही, पुढचं सांग,” आणि टेलिफोनवरच्या चाळीस वर्षांसारखंच तेही त्यांच्यापाशीच राहिलं.

मग नोंदीची पानं लागली. एकेक पान उघडायचं, नंबर आणि मालकाचं नाव मोठ्यानं वाचायचं, डावीकडचं ‘टाका’ सोडून उजवीकडच्या ‘ठेवा’वर दाबायचं की ते नव्या पेनड्राइव्हवर उतरायचं. लय सापडली तशी आत्यांना चेव चढला. दहा, अकरा, बारा. साडेनऊला त्यांनी उकडलेला कसावा एका हातानं खात तिसावं पान उतरवलं. फेआओ हसला. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या छातीवरचा दगड जरा सरकला होता, आणि पाठीमागं लेसिएली बारीक आवाजात गुणगुणत होती.

“एक्केचाळीस,” आत्या म्हणाल्या आणि थांबल्या.

गुणगुण बंद पडली. फेआओ वाट बघत राहिला. नाव काही येईना.

“आत्या?”

“तेलेसिया,” आत्यांनी वाचलं. पुढं बापाचं नावही वाचलं, जसं इतर पानांवर वाचत होत्या तसंच. मग खालची ओळ वाचली. वरच्या अंगाला तणनाशक मारलेलं आढळलं, तारीख अमुक.

गुडघे गेल्यापासून आत्या दोन वर्षं बागेत चढल्या नव्हत्या. बाग जावईच बघत होता, आणि एकट्याच्या हातून तण काही आवरलं नसणार. सासूबाईंना काय सांगायचं म्हणून त्यानं फवारा मारला, आणि मग तेच लपवायला हे सगळं रामायण. पान निरीक्षकासमोर गेलं की बाग तीन वर्षं बाहेर. आत्यांना पेन्शन जेमतेम, पोटाला होती ती तेवढी बाग. तीन वर्षांनी त्या असतील की नसतील.

फेआओनं मनात पटकन जुळवलं. खोलीत तिघंच आहेत, तिघंही घरचेच, आणि पान अजून उतरलेलं नाही. पुढची पायरी त्यानं नुसती चुकीची सांगितली तरी ते पान कायमचं गेलं असतं.

“सगळीच पानं परत येत नसतात, आत्या,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “एखादं खराब निघतं. एकशेबारातलं एक गेलं तर कुणी विचारणार नाही.”

मागून कुणी बोललं नाही. लेसिएलीही नाही. तिनं साहेबाला नाही म्हटलं होतं, आता तिच्याही तोंडून नाही निघेना, हे त्याला तिच्या गप्प राहण्यातून कळलं. बंदराच्या बाजूनं पोरांचा ओरडा आला, क्षितिजावर बोट दिसायला लागली असावी.

“फेआओ,” आत्या म्हणाल्या, “मी विचारतेय ते सांग. मला पडद्यावर दोन बटणं दिसताहेत आणि चष्म्यावर धुकं धरलंय. कुठलं दाबू?”

डावीकडचं की उजवीकडचं, एवढंच सांगायचं होतं. त्याला ते माहीत होतं, सकाळपासून चाळीस वेळा त्यानं ते सांगितलं होतं. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“उजवीकडचं, आत्या,” तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

आत्यांनी दाबलं. यंत्रानं बारीक टक केलं आणि पान उतरलं.

“हं,” आत्या म्हणाल्या. “बेचाळीस.”